डावा हात वर करणाऱ्या बाई

हात वर करायची वेळ आली की बाई डावा हात वर करत. बस थांबवायची असो, मीटिंगमध्ये मत द्यायचं असो, की रस्त्यापलीकडून मला बोलावायचं असो, हात डावाच. उजव्या हाताला काही झालं असेल असं मला आधी वाटायचं. पण त्याच हाताने त्या फाटक्या पुस्तकांना सुबक टाके घालत, आणि एकदा तर ओलीने फुगलेलं कोठीचं दार त्यांनी एका हिसक्यात उघडलं होतं. विचारलं की म्हणायच्या, "त्या हाताला वर जायला बंदी आहे, सनी."

माझं नाव सुनीता. बाईंनी पहिल्याच दिवशी त्याचं सनी केलं. नवऱ्याला इथल्या हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली म्हणून आम्ही नागपूरहून आलो होतो, आणि स्लाऊ आणि मेडनहेडच्या मधल्या एका छोट्या लायब्ररीत मला पार्ट-टाइम काम मिळालं होतं. बाई तिथे बिनपगारी मदतीला येत. वय एक्क्याऐंशी. पाठ ताठ, चष्मा दोरीला बांधलेला, आणि इंग्लंडमध्ये साठ वर्षं काढूनही बोलणं थेट अमेरिकन.

"तुम्ही अमेरिकेच्या ना?" मी विचारलं होतं.

"जर्मन बापाची अमेरिकेत वाढलेली मुलगी आणि रेल्वेतल्या इंग्रजाची विधवा. सध्या एवढं पुरे."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. स्वतःबद्दल एक वाक्य सांगतात आणि दुसऱ्यासाठी तुम्हाला दोन वर्षं थांबवतात.

एकदा एक गृहस्थ पुस्तकं परत करताना माझ्याकडे बघत पुटपुटले, "इथे आता सगळे परदेशीच." मी मान खाली घालून शिक्के मारत राहिले. मागच्या टेबलावरून बाई म्हणाल्या, "खरं आहे. मीही परदेशीच. तुमची तक्रार हिच्याबद्दल आहे की माझ्याबद्दल? दोघी इथेच आहोत, एकेक करून सांगा." गृहस्थ दंडसुद्धा न विचारता निघून गेले. आठवडाभराने आले तेव्हा बाईंनीच त्यांना नवी रहस्यकथा काढून दिली.

त्या वर्षी कौन्सिलची निवडणूक होती. बाहेरून आलेल्यांना परत पाठवा म्हणणारा एक पक्ष आमच्या वॉर्डात पहिल्यांदाच उभा राहिला. त्यांनी लायब्ररीच्या वरचा हॉल एका शनिवारी दुपारी भाड्याने घेतला. नियमाप्रमाणे त्यांची जाहिरात बोर्डावर लावायचं काम माझ्याकडे आलं. जाहिरातीत परत पाठवण्याबद्दल अवाक्षर नव्हतं. फॅमिली डे. केक, सॉसेज, मुलांसाठी खेळ, बँड. सगळं फुकट.

मी पिन टोचत होते तेवढ्यात बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी कागद वाचला, आणि जवळची खुर्ची ओढून बसल्या.

"केक," त्या म्हणाल्या. "आमच्याकडेही आधी केकच होता."

मग त्यांनी ते दुसरं वाक्य सांगितलं.

त्यांचे वडील बेकर होते. जर्मनीहून न्यू जर्सीला आले, पण तिथे त्यांच्या बोलण्याला लोक हसत. मंदीत बेकरी गेली. तेव्हा जर्मन स्थलांतरितांच्या एका संघटनेने त्यांना बोलावलं, खुर्ची दिली, कोषाध्यक्ष केलं. घरात नाझी झेंडा आला. उन्हाळ्यात मुलांना जंगलातल्या कॅम्पला पाठवायला लागले. तळ्यात पोहणं, गाणी, भरपूर खायला. नंतर गणवेश. नंतर रोज सकाळी उजवा हात ताठ करून सलामी.

"आणि मला ते आवडायचं, सनी. खोटं कशाला बोलू? मी बारा वर्षांची होते. पहिल्यांदाच कुणी मला हसत नव्हतं."

त्यांच्या वरच्या बंकवर लाल केसांची एक मुलगी झोपायची. दोघींची गट्टी होती. एक दिवस कुणीतरी शोधून काढलं की त्या मुलीची आजी ज्यू आहे. संध्याकाळी सगळ्या मुलींना मैदानात उभं केलं. ती मधोमध. कॅम्पच्या गणवेशातल्या अधिकारिणीने विचारलं: हिला इथे ठेवायचं नाही, असं कुणाकुणाला वाटतं?

"सगळे हात वर गेले. माझाही."

वरचा हॉल झाडणाऱ्या मशीनचा आवाज येत होता.

युद्ध सुरू झाल्यावर वडिलांना सरकारने स्थानबद्ध केलं. अठराव्या वर्षी बाई घर सोडून नर्सिंगला गेल्या आणि सैन्याच्या हॉस्पिटलबरोबर इंग्लंडला आल्या. लाल केसांच्या मुलीला त्यांनी खूप पत्रं लिहिली. सगळी पत्ता सापडत नाही म्हणून परत आली.

"शनिवारी मी खाली दाराशी बसणार आहे," बाई म्हणाल्या. "तुझी मदत लागेल."

घरी मी हे सांगितलं तेव्हा नवऱ्याने हातातला कप खाली ठेवला.

"अगं, आपलं व्हिसा एक्स्टेन्शन होम ऑफिसमध्ये पडलंय. त्यात हे इलेक्शनचं लफडं कशाला? आपण पाहुणे आहोत इथे."

"त्यांचे वडीलही पाहुणेच होते," मी म्हटलं. "सगळे गप्प बसले म्हणून तर ते झेंडे लागले ना?"

त्याने कप उचलून सिंकमध्ये ठेवला. मग म्हणाला, "तू नक्की काय करणार आहेस?"

"गोष्टी वाचणार आहे. लायब्ररीत मुलांना गोष्टी वाचून दाखवायला कुठली परवानगी लागते?"

शनिवारी ऊन छान पडलं होतं. वर बँड वाजायला लागला. हॉलकडे जाणारा जिना लायब्ररीच्या व्हरांड्यातूनच होता आणि तिथे बाई बसल्या होत्या, एक छोटं टेबल आणि त्यावर एक फोटो घेऊन. फोटोत गणवेशातल्या तीस-चाळीस मुली, सगळ्या हसऱ्या, प्रत्येकीच्या हातात केकची बशी. मागे झेंडा. दुसऱ्या रांगेत बाई.

येणाऱ्या प्रत्येक आईला त्या एवढंच म्हणत, "ही मी. दोन मिनिटं आहेत का?"

कुणालाच त्यांनी वर जाऊ नका म्हटलं नाही. फक्त त्या दिवशीचं मैदान सांगितलं. आपला हात सांगितला. पहिली आई ऐकून गोंधळली आणि वर गेली. दुसरी फोटोकडे बघत उभी राहिली आणि मुलीचा हात धरून माझ्याकडे आत आली. मग तिसरी आली. मग एक आजोबा आले दोन नातवंडांना घेऊन. मी गालिच्यावर बसून गोष्ट वाचत होते. तासाभरात गालिच्यावर जागा उरली नाही. आधी वर गेलेली ती पहिली आईसुद्धा खाली आली, सॉसेज खात खात.

शेवटी उमेदवार स्वतः उतरला. चांगला सूट, गोड आवाज.

"मॅडम, तुम्ही आमच्या कार्यक्रमात अडथळा आणताय."

"मी लहानपणचा फोटो दाखवतेय."

"आमचा त्या लोकांशी काही संबंध नाही. आम्हाला फक्त आपल्या लोकांची काळजी आहे."

"माझे वडीलही अगदी असंच म्हणायचे," बाई म्हणाल्या. "ते वाईट माणूस नव्हते. पाव फार छान करायचे. बसा, तुम्हालाही सांगते."

तो बसला नाही. वर गेला. थोड्या वेळाने बँड बंद झाला आणि वाजवणारे ड्रम उचलून आमच्या समोरून निघून गेले. त्यातला एक थांबून फोटो पाहून गेला. वर सॉसेजची ताटं आणि सहा माणसं उरली होती. निवडणुकीत तो पक्ष शेवटच्या क्रमांकावर फेकला गेला. निकाल कळला तेव्हा बाईंनी लायब्ररीत, सायलेन्सच्या पाटीखाली, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. मी आयुष्यात इतकी खणखणीत शिट्टी ऐकलेली नाही.

आमचा व्हिसाही नंतर वाढला. पत्र आलं त्या दिवशी नवरा बाईंसाठी फुलं घेऊन गेला.

गावच्या पेपराने तो फोटो आणि बाईंची हकीकत छापली. पेपरची वेबसाइट नुकतीच निघाली होती. तिथून ते कुठे कुठे गेलं कुणास ठाऊक. दोन महिन्यांनी लायब्ररीत फोन आला. अमेरिकेतून. म्हातारा, घोगरा आवाज. नातीने कॉम्प्युटरवर फोटो दाखवला म्हणाली. आपण लाल केसांच्या होतो म्हणाली.

मी फोन बाईंच्या हातात दिला आणि जायला निघाले. बाईंनी माझी बाही धरून ठेवली. रिसीव्हर कानापासून थोडा लांब होता, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"मला कुणाचेच हात दिसले नव्हते," तिकडून आवाज आला. "मी सगळा वेळ जमिनीकडे बघत होते. मला वाटायचं, निदान तुझा नसेल."

बाईंना सुटायचा मार्ग होता. माझ्या बाहीवरची त्यांची मूठ आवळली.

"माझाही होता," त्या म्हणाल्या.

फोन कट झाला असंच मला वाटलं.

"मग इकडे ये," आवाज म्हणाला. "हे असलं फोनवर नाही सांगायचं. माझ्यासमोर बसून सांग."

बाई तीन आठवड्यांसाठी गेल्या आणि परत आल्या नाहीत. मैत्रिणीच्या इमारतीत एक खोली रिकामी होती, तिथेच राहिल्या. दोघी पत्त्यांत एकमेकींना फसवतात, असं त्यांनी कळवलं होतं. दोन वर्षांनी बाई वारल्याचं पत्र आलं ते त्या मैत्रिणीच्याच हातचं होतं. तिने लिहिलं होतं, "पहिल्या दिवशी ती बोलली आणि मी रडले. दुसऱ्या दिवसापासून आम्ही भांडायला लागलो. तेव्हा मला कळलं की सगळं ठीक झालंय."

मला मात्र बाई दिसतात त्या हीथ्रोवर. मीच त्यांना गाडीने घेऊन गेले होते. व्हीलचेअर त्यांनी नाकारली. काउंटरवरच्या मुलीने सगळ्यांना विचारतात तेच विचारलं: बॅग तुम्ही स्वतः भरली का? कुणी काही न्यायला दिलंय का?

"बॅग मीच भरली," बाई मोठ्याने म्हणाल्या. रांगेतल्या चार माणसांनी वळून पाहिलं. "आणि नेतेय तेही माझंच आहे. एकोणसत्तर वर्षं झाली. आज पोचवून येते."

मुलीने गोंधळून पासपोर्ट परत दिला. बाईंनी तो पर्समध्ये टाकला, माझ्या गालावर थापटलं आणि कोटवाल्या बिझनेसमन लोकांना मागे टाकत, भरभर चालत, आत गेल्या.