होडीचा बदललेला आवाज

काल मुलाने होडीच्या इंजिनाचे डिझेल फवारणारे नोझल बदलले. त्याच्या हाताला डिझेलचा वास येत होता, आणि मला १९८०च्या सुमाराचं आमचं बुरोंडी गाव आठवलं.

होडी जोरात पळावी म्हणून बाबांनीही मिरजोळ्याच्या मिस्त्रीकडून मोठे नोझल बसवून घेतले होते. पहिल्याच फेरीला वादळी वारा सुटला. पावसात समोरचं दिसेना. किनाऱ्यावर बायका कान देऊन उभ्या होत्या. जी ती आपल्या होडीचा आवाज ओळखायची. एकेक होडी लागली. शेवटी एक अनोळखी धडधड आली.

“आपली नाय ती,” म्हणत आई वाळूतच बसली.

होडी आमचीच होती; नव्या नोझलने तिचा आवाज बदलला होता. बाबा भिजून समोर उभे राहिले, तरी आईचा कान समुद्राकडेच होता. तेव्हा मला तिचं हसू आलं होतं.

आज मुलगा समुद्रात आहे. त्याच्या होडीचा नवा आवाज मी अजून ऐकलेला नाही.