कॅम्पवर तू माझा बाबा नाहीस

स्काउट कॅम्पहून आणलेला चिखल एका धुण्यात निघतो, किस्से मात्र चिकटून बसतात. लंडनजवळ एजवेअरला आमच्या कंपूत कुणाकडेही उपमा झाला की एकजण हमखास म्हणणार, "अरे, तुझा तो वेल्सचा आठवडा सांग ना!" आणि माझी बायको मेधा लगेच म्हणणार, "सांग, पण तिखटमीठ लावू नकोस हं!"

तर, आमची गार्गी तेव्हा बारा वर्षांची होती. मोबाइलवर अजून नुसता साप पळवता यायचा, तो काळ. पोरगी आठवडाभर तंबूत राहणार म्हटल्यावर माझी झोप उडाली. मी मुळातच संशयी! कॅम्पला स्वयंपाकी हवाय कळताच मी हात वर केला.

गार्गीने तोंड पाडलं आणि अटी घातल्या. "बाबा, कॅम्पवर तू माझा बाबा नाहीस. तू कुक. मिठी नाही, 'स्वेटर घाल' नाही, आणि 'सोन्या' तर अजिबात नाही!"

"बरं बाई."

हो म्हणालो खरा, पण मनात पाल चुकचुकली. पोरीला माझी लाज वाटते की काय?

*

निघण्याआधी माझाच पोलीस चेक! पाच वर्षांचे सगळे पत्ते, पासपोर्ट, आणि वर कौन्सिल टॅक्सचं बिल. मी चिडलो, "माझ्याच पोरीबरोबर जायला पोलिसांचा दाखला?"

मेधा म्हणाली, "बरं झालं. तू जगावर संशय घेतोस, कुणीतरी तुझ्यावरही घ्यायला हवा!"

*

ट्रूपचे प्रमुख म्हणजे एक निवृत्त गणिताचे मास्तर. सगळे त्यांना 'स्किप' म्हणायचे. पहिल्या सकाळी मी सॉसेजच्या शेजारी छोटं पातेलंभर उपमाही ठेवला. रवा भाजायला वेळ कुठे होता? स्किपनी त्यात चमचा खोवला, तो उभाच राहिला.

"व्हेरी... फिलिंग," ते म्हणाले.

मुलांनी एकेक चमचा चाखला आणि धूम ठोकली. गार्गी "थँक यू, कुक" म्हणून निघून गेली, एखाद्या हॉटेलात म्हणावं तसं! पण तासाभराने पातेलं माझ्याकडे आलं, ते चकाचक रिकामं.

दुसऱ्या दिवशीही तेच. एवढा उपमा जातो कुठे? शेजारच्या शेतात मेंढ्या होत्या. त्या मला कालच्यापेक्षा जाड वाटायला लागल्या.

*

मंगळवारी दुपारी मी डाळीसाठी हिंगाची डबी उघडली आणि पाण्याला गेलो. परत येतो तो काय, शिट्ट्याच शिट्ट्या! स्किपनी सगळी पोरं झेंड्याखाली रांगेत उभी केली होती. गॅस लीक! सिलिंडर बंद करून स्वतः नळीला साबणाचं पाणी लावत होते.

"कुणाला या वासाबद्दल काही माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

मी गार्गीकडे पाहिलं. जन्मापासून हिंगाच्या फोडणीत वाढलेली पोर! ती आपल्या बुटांकडे बघत गप्प उभी. शेवटी मीच डबी हातात घेऊन पुढे झालो. पोरं खो खो हसली. मला मात्र आत कुठेतरी लागलं.

*

बुधवारी नाश्त्यानंतर मी गुपचूप पाळत ठेवली. आणि पाहतो तर गार्गी, पातेलं घेऊन कुंपणाच्या मागे! म्हणजे माझा उपमा फेकणारी माझीच पोरगी!

ती परतल्यावर मी तिथे गेलो. रव्याचा कण सापडेना, नेटलच्या खाजऱ्या झुडपांत हात मात्र कोपरापर्यंत लालबुंद झाले. स्किप माझ्या हातांवर कसलीशी पानं चोळत म्हणाले, "काय शोधत होतास?"

"मेंढ्या," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरून पोलीस चेक पुन्हा करायचा त्यांचा विचार असावा.

*

त्याच दुपारी स्किपनी प्रत्येकाला घरी पोस्टकार्ड लिहायला बसवलं. मी चहा घेऊन जवळून गेलो तर गार्गीने कार्ड हाताने झाकलं. झालं! तक्रार, दुसरं काय असणार!

पोस्टाची पेटी गावात, दोन मैलांवर. "मी जातो," मी म्हणालो. पेटीपाशी कार्डांच्या गठ्ठ्याचा दोरा सोडला. गार्गीचं कार्ड वरच होतं, चित्राची बाजू वर. उलटवायचं नुसतं! अंगठा कडेवर ठेवून मी पेटीसमोर किती वेळ उभा होतो, देव जाणे. एक म्हातारी मागे पत्र घेऊन थांबली होती. ती म्हणाली, "आर यू ऑल राइट, लव्ह?"

डोळे मिटले आणि सगळी कार्डं आत टाकली. टाकल्याबरोबर वाटलं, मूर्खा, वाचायला हवं होतंस!

*

शनिवारी घरी आलो. मिनीबसमध्ये गार्गी मैत्रिणींबरोबर मागे बसली होती. मी पुढे, रिकाम्या पातेल्याबरोबर.

सोमवारी सकाळी गार्गी अजून झोपलेली. दारातून कार्ड पडलं, मेधाच्या नावाचं. रोमन अक्षरांतलं मराठी. तिने वाचलं, हसता हसता डोळे पुसले आणि माझ्यापुढे सरकवलं.

"डिअर आई, कॅम्प मस्त आहे. इथला कुक उपमा खूप खराब करतो. कोणी खात नाही. मग मी कुंपणच्या मागे बसून सगळा संपवते, नाहीतर त्याला वाईट वाटेल. माझा पोट दुखतो. त्याला सांगू नको. बाकी माणूस चांगला आहे. शनिवारी त्याला घरी घेऊन येते."