सरूबाईचा अंगठा

सरूबाई मराठवाड्यातून लेकामागं दिघीला आली ती त्र्याहत्तर साली. लेक विलास भोसरीच्या एका कारखान्याचा ट्रक चालवायचा. सून कस्तुरा वीटभट्टीवर जायची. सरूबाई कामाला वाघ, जिभेनं तिखट. स्वतः कधी आजारी पडली नाही आणि दुसऱ्याचं दुखणं तिला खरं वाटायचं नाही.

म्हणूनच कस्तुरा कूस धरून निजली तेव्हा ती म्हणाली, "काम जड झालं की बरी दुखती गं तुझी कूस!"

दोन दिवस कस्तुरा तापानं फणफणत पडून होती. गल्लीतल्या डॉक्टरनं हिवताप म्हणून गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला अशी हुडहुडी भरली की खाट वाजू लागली. मग ती बरळायला लागली. हातपाय गार पडले. कालपासून पोरीला लघवीच झाली नाही, हे सरूबाईच्या ध्यानात आलं. विलास माल घेऊन नाशिकला गेलेला. शेजारच्या भैरूच्या टेम्पोत घालून तिनं सुनेला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पाठीत बरगडीखाली नुसतं दाबलं, तर कस्तुरा किंचाळली. नळीनं काढलेली लघवी गढूळ, घाण वासाची. एक्स-रेत चिंचोक्याएवढा खडा दिसला.

"मूत्रपिंडातून खाली येणारी वाट खड्यानं बंद झालीय," बाई म्हणाल्या. "वर तुंबलेल्या लघवीत पू झालाय, विष रक्तात भिनतंय. इंजेक्शनं चालू केलीत, पण पू बाहेर काढल्याशिवाय ती पुरी पडणार नाहीत. आत्ताच पाठीतून नळी घालावी लागेल. नवरा कुठाय?"

"नाशकाला. उद्या येतोय."

"उद्यापर्यंत थांबलो तर ती हाती लागणार नाही. ऑपरेशनमध्येही दगावू शकते. तयार असाल तर या कागदावर अंगठा द्या."

आपल्या अंगठ्यानं सून गेली तर लेकाला काय तोंड दाखवायचं? सरूबाईनं अंगठा उठवला.

नळीतून वाटीभर पू आला. तरी ताप उतरायला चार दिवस लागले. कस्तुरा शुद्धीवर आली तेव्हा सरूबाई उशाशी होती.

"मला खोटं वाटलं गं तुझं दुखणं."

"ठावं हाय मला," कस्तुरा म्हणाली आणि तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

दोन महिन्यांनी खडा काढला, पण ते मूत्रपिंड निम्मं निकामी झालं होतं. भट्टीचं काम डॉक्टरांनी बंद केलं. तिच्या जागी साठीतली सरूबाई विटा वाहायला जाऊ लागली. सून तिच्याशी नीट बोलायला लागली, तोवर पावसाळा उलटून गेला होता.