नाना ‘नाही’ म्हणाले नव्हते

ती घटना आठवली की आजही माझे डोके तापते. रक्तदाबाची गोळी रोज घेतो, पण सरकारी नोंदवहीतले ते एक वाक्य आठवले की गोळी चालत नाही.

खानदेशातले नदीकाठचे एक शहर, नाव लिहीत नाही. श्रावणातल्या एका सोमवारी दुपारी वरच्या धरणाचे पाणी आले आणि तासाभरात खालच्या गल्लीतल्या पत्र्यांना टेकले. लोक शाळेच्या गच्चीवर चढले, लुगडी खाली सोडून एकमेकांना ओढून घेतले. गल्लीतले एक म्हातारे नाना तेवढे आतल्या खोलीत झोपेतच राहिले.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्यात होतो, आकस्मिक मृत्यूची चौकशी माझ्याकडे आली. तिसऱ्या दिवशी पंचनाम्याला गेलो तेव्हा बाया जेवायच्या ताटांनी घरातला गाळ उपसत होत्या. तीन घरांत मिळून एक चूल पेटली होती. खायला होते फक्त कानबाईचे रोट, प्रसादाच्या जाड पोळ्या, तेही उंच फळीवर राहिले म्हणून. कानबाई ही आमच्याकडची देवी, श्रावणातल्या रविवारी बसते, रात्रभर जागरण होते, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन. तिचे रोट भाऊबंदांपलीकडे कोणाला देत नाहीत. त्या दिवशी गल्लीने तो नियम मोडला होता. ज्याच्या फळीवर राहिले त्याने सगळ्यांना वाटले.

पूर इशाऱ्याचे काम ज्या कार्यालयाकडे होते, तिथून मी नोंदवहीची नक्कल मागवली. लिहिले होते : ‘सोमवारी सकाळी नऊ वाजता वाहन गल्लीत फिरवून भोंग्यावरून इशारा दिला. रहिवासी घरीच होते. त्यांनी हलण्यास नकार दिला. मयताने दारात उभे राहून स्पष्ट नकार दिला.’ म्हणजे मेला तो स्वतःच्या हट्टाने. चौकशी मिटली.

मी ते नानांच्या बायकोला, अक्काला वाचून दाखवले. ती ताट घासत होती. हात थांबले.

“नऊ वाजता बठ्ठी गल्ली मिरवणूकमा व्हती, साहेब, कानबाईना संगे. नाना चौरंग लिसन पुढे व्हतात. मंग त्यासनी ‘नाही’ कोणले सांगं?” आणि मग एकच मागणे : “मन्हा माणूस हट्टी नव्हता. तेवढं खोडा.”

पण अक्काचा जबाब म्हणजे घरच्या माणसाचा जबाब. कागदापुढे तो टिकत नाही, हे मला ठाऊक होते.

खबर दिली त्या कार्यालयाच्या फाटकावरच्या चहावाल्याने. ग्लास पुढे सरकवत, माझ्याकडे न बघता म्हणाला, “भोंगा तं त्या दिन हापिसमाच पडेल व्हता, साहेब. त्यावर मांजर झोपेल व्हती.”

मी वाहनाच्या चालकाला ठाण्यात बोलावले. साक्रीकडचा, पन्नाशीचा माणूस. पढवून पाठवलेला. “गेलो होतो, इशारा दिला, लोक ऐकेनात,” एवढेच तीन वेळा बोलला. अशा माणसावर ओरडले की तो आणखी घट्ट होतो. मी रागीट आहे, पण राग कुठे वापरायचा हे मला कळते. चहा मागवला.

“भाऊ, तुमच्या घरी कानबाई बसते?”

“बसस ना, साहेब. आजाना पासून.”

“मग सांगा, नऊ वाजता त्या गल्लीत कानबाईची मिरवणूक होती. पुढे वाजंत्री, दारोदारी बायांच्या फुगड्या. तुम्ही गाडी कुठून काढली? कानबाईला हॉर्न मारला?”

मी कागद पुढे ओढला.

“लिहून घेतो. ‘मी हॉर्न वाजवून कानबाईला बाजूला केले.’ करा सही.”

त्याने पेन हातात घेतले आणि टेबलावर ठेवले. “नही भाऊ. कानबाईना आंगवर गाडी कशी घालसू मी?” मग सगळे बाहेर आले. गाडी नऊ वाजता त्या कार्यालयाच्या साहेबांच्या पाहुण्यांना सोडायला अमळनेरच्या रस्त्याला होती. नोंद मंगळवारी लिहिली गेली. लिहिणारे साहेब दुसऱ्या भागातून आलेले, त्यांना तो सोमवार कसला होता हेच माहीत नव्हते.

मी खोट्या नोंदीबद्दल गुन्हा दाखल करण्याची परवानगी मागितली. वरिष्ठांनी दार लावून घेतले.

“ताणलेस तर फाइल वर जाईल, वर्षानुवर्षे पडून राहील आणि ते वाक्यही तसेच राहील. चालकाची नोकरी पहिली जाईल. सोडलेस तर आज वाक्य निघते.”

माझे वडील केळीच्या वखारीत हमाल होते. मी शिपाई म्हणून भरती झालो आणि परीक्षा देत फौजदार झालो. सौदा मला लहानपणापासून येतो. दोन तास घासाघीस केली. चालकाला हात लागणार नाही, हे कबूल करून घेतले. ‘इशारा पोहोचल्याचे दिसून येत नाही व मयताने नकार दिलेला नाही’ हे अंतिम अहवालात माझ्या शब्दांत घालून घेतले. साहेबांचे नाव मात्र अहवालात आले नाही. पुढे त्यांना बढती मिळाली आणि मला जळगावला नियंत्रण कक्षात बसवले, फोन उचलायला.

पुढच्या श्रावणात गल्लीने बोलावले. भिंतींवर नवा चुना होता, पुराची रेघ मात्र त्यांनी मुद्दाम पुसली नव्हती. अक्काने माझ्या ताटात रोट वाढला.

मी म्हणालो, “अक्का, मी तुमच्या भाऊबंदांतला नाही.”

“खाय रे भाऊ. तू ते वाक्य खोडं. आते तू बी आमना भाऊबंदच शे.” मग वाकून हळूच विचारले, “त्या साहेबनं काय व्हयनं?”

नोकरीने मला खोटा कागद कसा फोडायचा ते शिकवले. तो फुटल्यावर लिहिणाऱ्याला कसे धरायचे, ते या प्रकरणात शिकायची संधी होती. ती मी दोन तासांत विकली, आणि भाव चांगला आला असे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिलो.

मी अक्काने वाढलेला रोट मोडला आणि खाली मान घालून खाल्ला.