वरच्या मजल्यावरचा शोमरोनी

आत्याच्या पायाला भिंगरी होती. शिवणयंत्रावर बसली की लगेच उठायची. कुणाच्या म्हाताऱ्याला डॉक्टरकडे ने, कुणाच्या बाळंतिणीला डबा दे. आई गेल्यावर मलाही अशीच उचलून घरी आणली. स्वतः मात्र कुणाचा घोटभर चहा घेईल तर शपथ! मला भारी राग यायचा.

वरच्या मजल्यावरच्या प्लंबरशी तिचा छत्तीसचा आकडा. स्वतः प्लंबर, आणि याचीच मोरी गळून आत्यानं शिवलेला एका नवरीचा झगा खराब झालेला. तेव्हापासून आत्या त्याचं तोंड बघत नसे.

त्या रविवारी फादरांनी मिस्सात येशूचा दाखला सांगितला. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला माणूस, बघून न बघितल्यासारखे पुढे गेलेले देवाचे लोक, आणि त्याला उचलणारा परक्या जमातीचा शोमरोनी. आत्या खूष. "माझंच वर्णन केलं फादरांनी," म्हणाली आणि घरी येताच, घामाघूम झालेली म्हणून पुन्हा आंघोळीला गेली.

धाडकन आवाज झाला. आतून कडी, आत्या दाराला टेकून पडलेली. पाय हलेना. दार तोडलं तर तिलाच लागणार. मी ॲम्ब्युलन्स बोलावली. आवाज ऐकून प्लंबर खाली आला. "पाइपावरून उतरून खिडकीतून जातो आत," म्हणाला.

"त्याला म्हणावं, घरी जा. सरकते मी," आत्या आतून कण्हली.

सरकता येईना. मी दारासमोर नुसत्या येरझाऱ्या घालत होते. तिचा आवाज बसत चालला, तशी माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"आत्या, रस्त्यात पडलेल्या माणसाचं आणि शोमरोन्यांचं वाकडंच होतं. तरी त्यानं उचलू दिलं ना? आज तू पडलेली आहेस. शोमरोनी तू नाहीस."

आतून आत्या म्हणाली, "आधी त्याला माझ्यावर टॉवेल टाकायला सांग."

तो खिडकीतून उतरला. मान फिरवून चाचपडत तिच्यावर टॉवेल पांघरला, तिला हळूच बाजूला घेऊन कडी काढली.

पायाच्या ऑपरेशननंतरही आत्याला चैन पडेना. सारखी चादर ओढायची, सोडायची.

"त्यानं पांघरलं ना, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं बघ मला," म्हणाली. "इतकी वर्षं मी ज्यांना ज्यांना उचललं, त्यांनाही असंच होत असेल का गं?"

मला खोटं बोलवेना.

"होतं," मी म्हणाले.