दिव्यासमोर ओढणी

उमरग्याच्या स्टँडवर आम्ही हैदराबादच्या गाडीची वाट पाहत होतो. एप्रिलची दुपार होती. माझ्या सासूबाईंनी सुषमाची, त्यांच्या लेकीची, ओढणी कपाळावर ओढली. "डोकं झाक. परदेशात जायलीस, ऊन लागून पडशील."

सुषमा नर्स. नोकरी तिला लागली होती, स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला. मी तिच्या व्हिसावर निघालो होतो. बायकोमागे नवरा चालला, हा विषय आमच्या गावात, लोहाऱ्यात, बरेच दिवस पुरला.

पहिल्या हिवाळ्यात तिचं गप्प होणं आम्ही थकवा समजलो. दुसऱ्या वर्षी दिवस आखडताच ती पुन्हा गप्प झाली. दुपारीच अंधार पडे. ड्यूटीवरून आली की ती बुटांसकट पलंगावर बसून राही. पुढे आजारपणाची रजा पडली, ड्यूटीही बंद झाली. डॉक्टरांनी निदान केलं: ऋतूबरोबर येणारं नैराश्य. गोळ्या दिल्या आणि रोज सकाळी प्रखर दिव्यासमोर बसायला सांगितलं.

सासरे फोनवर म्हणाले, "ऊन न्हाय म्हणून कुणी आजारी पडतंय व्हय? इथं आमी उन्हानं मरायलो."

नोकरी सुटली तर दोघांनाही देश सोडावा लागणार होता. राहिलो तर हिवाळा होताच. परतीचा विषय काढला की सुषमा म्हणे, "लोक म्हणतील, झेपलं न्हाय." जानेवारीत ती रुजू होणार का, हे हॉस्पिटलच्या वॉर्डाला कळवायचं होतं.

मी रोज दिवा लावी, चहा ठेवी. ती खाली मान घालून बसे. फरक पडेना.

एका सकाळी दिव्यासमोरूनच मी व्हिडिओ कॉल लावला. लोहाऱ्यात दुपार होती. सासूबाई डोक्यावर पदर घेऊन गच्चीवर धुणं वाळत घालत होत्या. लेकीकडे पाहून थबकल्या.

"कुणाचं ऊन लागायलंय गं तुला?"

तेव्हा आमच्या लक्षात आलं. सुषमाची ओढणी भुवयांपर्यंत आली होती. लख्ख उजेड दिसला की हात आपोआप ओढणीकडे जाई. रोज ती तशीच बसत होती, उजेड डोळ्यांपर्यंत पोचतच नव्हता.

"काढ ती. दिव्याला काय भ्यायलीस?"

"तूच शिकवलंस की, आई." कितीतरी दिवसांनी ती आईला उलटून बोलली होती.

हिवाळा त्यामुळे सरला नाही. जानेवारीत ती अर्ध्या ड्यूटीवर रुजू झाली. कधी जाते, कधी दारातून परत फिरते. गोळ्या चालू आहेत, दिवाही. ऑक्टोबर पुन्हा येणारच आहे.

एप्रिलमध्ये गावी जाऊ. स्टँडवर उतरताच सासूबाई तिची ओढणी पुढे ओढतील. डोकं झाकावं एवढं ऊन जिथे आहे, त्याला आम्ही आता घर म्हणतो. इथे तिला उघड्या डोक्याने बसायचं आहे.