शपथ न घेणारा जाबेझ

जाबेझ रॉबसनइतका हटवादी माणूस आमच्या हॉथरडेल गावात दुसरा झाला नाही. एकानेच आमच्या नाकी नऊ आणले. तो क्वेकर पंथाचा. टोपी कुणापुढे काढायची नाही, सरदारालाही 'तू' म्हणायचं आणि देवाच्या नावाने शपथ घ्यायची नाही. माझं खोगिरांचं दुकान त्याच्या घरासमोरच होतं. सुरुवातीला तो तट्टावर लोकरीचं कापड लादून बाजार करायचा. शब्दाचा पक्का म्हणून लोक त्याच्याकडे पैसे ठेवू लागले आणि त्याची पेढी झाली.

मग त्याचे कापडाचे बारा गठ्ठे चोरीला गेले. गुत्तेवाल्या नॅट क्रॅबट्रीचं काम, हे गावाला ठाऊक होतं. पण साक्षीआधी बायबलवर हात ठेवून शपथ घ्यावी लागे.

"मी रोज खरंच बोलतो," जाबेझ न्यायाधीशाला म्हणाला. "आज वेगळं काय बोलणार?"

साक्ष बाद. नॅटच्या दोन मित्रांनी मात्र खुशाल शपथ घेतली, की तो त्या दिवशी तापाने फणफणला होता. नॅट सुटला.

पुढे पाव महागला. धान्यावरच्या कराविरुद्ध बोलणारा जाबेझ एकटाच, म्हणून आम्ही त्याला पार्लमेंटमध्ये निवडून दिलं. आठवड्यात स्वारी परत! तिथेही शपथ होती.

"अरे, दोन ओळी पुटपुटायच्या होत्या!" मी ओरडलो. "तुझ्या हट्टापायी आमच्या पोरांनी उपाशी राहायचं?"

"शपथ घेतली, की एरवी मी खोटं बोलतो असं कबूल केल्यासारखं होईल. मग आत माझं कोण ऐकेल?"

मी आणखीच चिडलो.

जागा रिकामीच, म्हणून पुन्हा निवडणूक लागली. चौकातल्या मंचावर चढून, सगळ्यांदेखत नाव सांगून मत द्यायचं. जाबेझविरुद्ध उभे होते सर मार्मड्यूक, अर्ध्या गावाचे घरमालक. मतं बरोबरीत आली आणि शेवटी नॅट मंचावर चढला. मतांसाठी सरांची फुकट दारू त्याच्याच गुत्त्यात वाहत होती. माझं डोकं फिरलं.

"आधी शपथ घे, लाच खाल्ली नाहीस म्हणून!" मी खालून ओरडलो.

नॅट माझ्याकडे वळला. "शपथ? शपथांवरच तर मी सुटलो, खोगीरवाल्या! गठ्ठे माझ्या माळ्यावर होते. त्या कोर्टात खरं बोलणारा एकच होता आणि त्यालाच बोलू दिलं नाही. लिहा, जाबेझ रॉबसन!"

मला मान वर करवेना. जाबेझच्या बाजूने शपथ मागणारा मीच निघालो होतो.

"नॅट," जाबेझ शांतपणे म्हणाला, "माझं कापड कधी देतोस?"

"पोरींचे झगे झाले रे त्याचे!"

त्या एका मताने जाबेझ निवडून आला, पण लंडनच्या पार्लमेंटने त्याला पुन्हा परत पाठवलं. आम्ही पुन्हा निवडून दिला, या वेळी दुप्पट मतांनी. तिसऱ्यांदा पार्लमेंटवालेच थकले.

"खरं बोलाल?" त्यांनी शपथेऐवजी एवढंच विचारलं.

"हो," जाबेझ म्हणाला आणि टोपीसकट आत गेला.